एक गाडी, एक घर आणि दोन मिस्त्री

आमच्या मोटरहोमच्या गॅसच्या कप्प्याला मी स्वतःचं वेगळं कुलूप लावलं आहे. गाडीबरोबर आलेलं कुलूप कुठल्याही चपट्या किल्लीने उघडायचं, म्हणून. दोन वर्षांपूर्वी गाडी सर्व्हिसला दिली तेव्हा या कुलपाची किल्ली द्यायला विसरले. संध्याकाळी गाडी परत आली. सोबत चार पानी छापील यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढे टिक. 'गॅस गळती चाचणी' टिक. 'रेग्युलेटर आणि नळी तपासली' टिक. किल्ली दिवसभर आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात होती.

ते दुकान डीलरचं होतं, पण हा किस्सा डीलरच्या बदनामीसाठी सांगत नाहीये. छोट्या गॅरेजातही हेच घडू शकलं असतं. इंग्लंडमधली मराठी मंडळी अलीकडे मोटरहोम घेऊ लागली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा मला पहिला फोन याच प्रश्नासाठी येतो, 'सर्व्हिसिंगला डीलरकडे नेऊ की बाहेरच्या गॅरेजात?' प्रश्न पुण्या-मुंबईत कारबद्दल विचारतो तसाच वाटतो. पण मोटरहोमला तो एकदाच विचारून भागत नाही, कारण ही वस्तू एक नाही, दोन आहेत.

खाली असते ती व्हॅन. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा फियाट ड्युकाटो किंवा तिची जुळी भावंडं प्यूजो बॉक्सर आणि सित्रोएन रिले, नाहीतर फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर. वर असतं ते घर, आणि ते बांधणारी कंपनी वेगळी. स्विफ्टचा कारखाना हलजवळ कॉटिंगहॅमला, बेलीचा ब्रिस्टलला, हायमर जर्मनीतली. खालच्याला इंजिन, क्लच, ब्रेक, टायर. वरच्याला गॅस, पाणी, २३० व्होल्टची वीज, १२ व्होल्टची वीज, फ्रिज, हीटर आणि भिंती. खालच्याची सर्व्हिस वेगळी आणि वरच्याची वेगळी. वरच्या सर्व्हिसला इथे 'हॅबिटेशन सर्व्हिस' म्हणतात. वार्षिक एमओटी चाचणीत (गाडी तीन वर्षांची झाली की ती लागू होते, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये चार) वरच्या घराचा गॅस किंवा ओल कुणी तपासत नाही. एमओटी पास म्हणजे सगळं ठीक, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका.

'डीलर' हा शब्दही फसवा आहे. फियाटचा किंवा फोर्डचा व्हॅन-डीलर हा एक. तुम्हाला मोटरहोम विकणारा, अंगणात पन्नास पांढऱ्या गाड्या लावून बसलेला, तो दुसरा. या दुसऱ्याकडे इंजिनाचं काम करणारा माणूस असेलच असं नाही. बरेच जण इंजिनाची सर्व्हिस आणि एमओटी शेजारच्या गॅरेजकडून करून घेतात आणि बिल आपल्या नावाने देतात. त्यात गैर काही नाही. पण मग तुम्ही डीलरचा दर मोजून गॅरेजचंच काम विकत घेता. गाडी देण्यापूर्वी सरळ विचारावं: इंजिनाचं काम इथे करता की बाहेर पाठवता?

आता खालच्या व्हॅनपुरतं बोलू. इथे माझं मत स्पष्ट आहे. वॉरंटीची मुदत संपली असेल तर व्हॅनवर रोज हात चालणारं स्वतंत्र गॅरेज शोधा. असं गॅरेज शोधायचा माझा उपाय साधा आहे. सकाळी सात-साडेसातला आपल्या गावातल्या औद्योगिक वसाहतीतून एक चक्कर मारायची आणि कुरिअरवाल्यांच्या, प्लंबरांच्या व्हॅन कुणाच्या दारात उभ्या आहेत ते पाहायचं. या लोकांची गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची रोजी बुडते. ते पाट्या पाहून गॅरेज निवडत नाहीत. तिथल्या मेकॅनिकने ड्युकाटोचं तेच ते इंजिन त्या आठवड्यात चारदा उघडलेलं असतं. शहरातल्या चकचकीत गॅरेजच्या माणसाने कदाचित वर्षात एकदा.

वॉरंटी चालू असेल तरीही घाबरायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली 'मोटर व्हेइकल ब्लॉक एक्झेम्प्शन ऑर्डर' आली, ती ३१ मे २०२९ पर्यंत लागू आहे. त्याआधी युरोपीय संघाचा तसाच नियम होता. त्यामागचं तत्त्व असं की नेहमीची सर्व्हिस आमच्याच डीलरकडे करा नाहीतर वॉरंटी गेली, असं वाहन कंपनीने म्हणू नये. अर्थात कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे काम व्हायला हवं, तेल आणि सुटे भाग त्या दर्जाचे हवेत, आणि हे सगळं बिलावर दिसायला हवं. 'ऑइल बदललं' एवढं लिहिलेलं बिल वॉरंटीच्या भांडणात कवडीमोल. तेलाची ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर, मैलांचा आकडा, तारीख, हे सगळं लिहून घ्या. फुकटात होणारी वॉरंटी-दुरुस्ती मात्र कंपनीच्याच डीलरकडे होणार, आणि सुरक्षिततेसाठी गाड्या परत बोलावतात ते रिकॉलचं कामही. तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का ते सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट पाहता येतं. जुनी गाडी घेतली असेल तर हे आजच पाहा, आधीच्या मालकाने पाहिलं असेल असं धरून चालू नका.

फोनवर वेळ ठरवताना आकडे सांगायचे. आमची गाडी सात मीटर लांब आणि छतावरच्या अँटेनासकट २.९५ मीटर उंच. पहिल्या वर्षी मी एका गॅरेजला फोन करून 'ड्युकाटो आहे' एवढंच म्हणाले. 'काहीच अडचण नाही,' असं उत्तर आलं. सकाळी गाडी नेली तर शटर २.८ मीटरचं. मालक बाहेर आला, गाडीकडे वर पाहिलं, शटरकडे वर पाहिलं, आणि मग दोघांनी मिळून हसून घेतलं. एक दिवस गेला. तेव्हापासून लांबी, उंची आणि कागदपत्रांवरचं कमाल वजन आधी सांगते, आणि दोन गोष्टी विचारते: रॅम्प किती टनांचा आहे, आणि गाडी पूर्ण आत जाते की अर्धी बाहेर राहते? अर्धी बाहेर राहणारी गाडी मेकॅनिक पावसात नीट तपासत नाही, आणि इथे पाऊस केव्हाही येतो.

मोटरहोम वर्षातून फार फिरत नाही. आमची चार-पाच हजार मैल. त्यामुळे मैलांवरचं वेळापत्रक इथे फसवतं. मोजायची ती वर्षं. ड्युकाटोच्या २.३ लिटर इंजिनाचा टायमिंग बेल्ट मैल भरले नाहीत तरी वयावर बदलायचा असतो. तो तुटला तर इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. २०१६ नंतरच्या ट्रान्झिटमध्ये २.० लिटरचं इकोब्लू इंजिन असेल तर बेल्ट बहुधा इंजिनाच्या तेलातच भिजत फिरतो, त्यामुळे तेल चुकीच्या जातीचं पडलं तर त्याचं आयुष्य घटतं. गॅरेजवाल्याला 'यात कुठलं तेल घालणार?' असं विचारा. क्षणाचाही विचार न करता नेमकं उत्तर आलं तर माणूस कामाचा. टायरचंही तसंच. नक्षी नवीकोरी दिसते आणि टायर दहा वर्षांचं असतं. टायरच्या कडेला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. हे वाचायला कुणाचीच गरज नाही, चष्मा लागला तर लावा.

आता वरचं घर. इथे माझं मत उलटं होतं, निदान काही वर्षांसाठी.

घर बांधणाऱ्या कंपन्या भिंतीत पाणी शिरण्याविरुद्ध वेगळी वॉरंटी देतात, आणि ती व्हॅनच्या वॉरंटीपेक्षा बरीच लांब असते. पण तिच्या अटी कडक असतात. दर वर्षी ठरलेल्या तारखेच्या आसपासच हॅबिटेशन सर्व्हिस झाली पाहिजे, ती डीलरकडे किंवा मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्येच झाली पाहिजे, ओलाव्याचा अहवाल जोडला पाहिजे. एक वर्ष चुकलं की वॉरंटी गेली. म्हणून ही वॉरंटी चालू आहे तोवर बाहेरच्या ओळखीच्या हुशार माणसाकडे जाण्याचा मोह आवरा. तो कितीही चांगला असला तरी त्याची सही तिथे चालत नाही. पुस्तिका आधी वाचा. ती इतक्या बारीक अक्षरात का छापतात ते वाचल्यावर कळतं.

मान्यताप्राप्त म्हणजे कोण? इथे 'अप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीम' आहे, नॅशनल कॅरव्हान कौन्सिल आणि कॅम्पिंगवाल्यांचे दोन मोठे क्लब मिळून ती चालवतात. तिच्यातल्या वर्कशॉपची दर वर्षी तपासणी होते. आणि बऱ्याच लोकांना माहीत नसतं ते हे की या यादीत घरी येऊन काम करणारे फिरते इंजिनियरही आहेत. कंपनीच्या अटीत 'मान्यताप्राप्त वर्कशॉप' एवढंच असेल तर असा माणूसही चालू शकतो. खात्रीसाठी कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

वॉरंटीतल्या दुरुस्तीची रड मात्र वेगळी आहे. गाडी ब्रिस्टलच्या डीलरकडून घेतली, राहता लेस्टरला. लेस्टरजवळचा त्याच कंपनीचा डीलर सांगतो, आमच्याकडून घेतलेल्या गाड्या आधी, तुम्ही तीन महिन्यांनी या. बाहेरच्याकडून करून घ्यावं तर वॉरंटी जाते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. म्हणून सर्व्हिसिंगचा निर्णय खरं तर गाडी घेतानाच होतो. तीनशे पौंड स्वस्त मिळते म्हणून चार तास दूरच्या डीलरकडून नवी गाडी घेणाऱ्याने परतीच्या फेऱ्यांचं डिझेल आणि रजा दोन्ही आधीच हिशेबात धरावी. कायद्याच्या दृष्टीनेही तुमचा करार विकणाऱ्या डीलरशी असतो, कारखान्याशी नाही.

ही वॉरंटी संपली की चित्र बदलतं. आमची संपली तेव्हा आम्ही फिरत्या इंजिनियरकडे गेलो आणि परत फिरलो नाही. आमच्या दारात तो येतो तेव्हा काय करतो ते मी पहिल्या वर्षी मागे उभी राहून पाहिलं. खिशातून ओलावा मोजायचं छोटं यंत्र काढलं. गाडीचा नकाशा एका कागदावर रेखाटला: छत, चार भिंती, खिडक्या. मग प्रत्येक खिडकीच्या चारही कोपऱ्यांना, कपाटांच्या आत, पलंगाखाली, मागच्या दिव्यांच्या पाठी यंत्र टेकवत गेला आणि प्रत्येक जागी आकडा लिहीत गेला. ११, १२, ११, १४. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही, पंधरा ते वीसमध्ये काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं, विसाच्या वर गेलं तर पाणी कुठून येतंय ते शोधायचं. मागच्या उजव्या दिव्यापाशी २४ आले. त्याने दिवा काढला, मागचं सील बोटाने दाबलं, ते बिस्किटासारखं तुटलं. नवं सील, दोन तास, नव्वद पौंड. आणखी दोन हिवाळे गेले असते तर मागची भिंत खोलावी लागली असती.

मग स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या खिडकीला १८ आले तेव्हा त्याने यंत्र खाली ठेवलं आणि माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं, 'तुम्ही गाडीत बराच भात करता का?' (गाडीबद्दलचा प्रश्न नवऱ्याला विचारायची सवय इथल्या मेकॅनिकांनाही आहे. आमच्या घरी गाडी मी बघते आणि भात तो करतो, त्यामुळे या वेळी प्रश्न योग्य ठिकाणी गेला.) कुकरच्या चार शिट्ट्या, वरणाची वाफ, फोडणीचा धूर सहा चौरस मीटरच्या खोलीत बंद खिडकीत करायचा आणि मग भिंत ओली म्हणून कंपनीला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. बाहेरून आत शिरलेलं पाणी आणि आतूनच जमलेली वाफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला माणूस दोन्हीतला फरक ओळखून सांगतो. छतावरची झडप उघडून कुकर लावा. आणि तपासणीच्या आदल्या रात्री गाडीत हीटर लावून ती कोरडी करू नका, डॉक्टरकडे जाण्यापूर्वी तापाची गोळी घेतल्यासारखं होतं ते.

तुमचा वेळ आणि पैसा खरा जातो तो या दोन मिस्त्र्यांच्या मधल्या हद्दीवर. जुन्या ड्युकाटोत, साधारण २००६ ते २०१४ च्या, पुढच्या काचेखाली जो प्लास्टिकचा पन्हाळा असतो त्यातून पाणी थेट इंजिनावर टपकायचं. इंजेक्टर गंजून जाम व्हायचे. हा व्हॅनचा दोष. त्याच काचेच्या वर, हातभर अंतरावर, घर बांधणाऱ्या कंपनीने केबिनच्या छताला पलंगाचा फुगवटा जोडलेला असतो. तिथून पाणी आलं तर तो घराचा दोष. पाय ठेवायच्या जागेवरचं पायपुसणं दोन्ही वेळा सारखंच ओलं होतं. व्हॅनवाला वर बोट दाखवतो, घरवाला खाली. अशा वेळी कुणाकडेही जाण्यापूर्वी कोरड्या दिवशी पाण्याची नळी घ्या, आधी फक्त काचेखाली दहा मिनिटं पाणी सोडा, आत पाहा; मग वरच्या जोडावर. व्हिडिओ काढा. मग ज्याच्या हद्दीतलं निघेल त्याच्या दारात जा.

दुसरी हद्द विजेची. इंजिन चालू असताना घराची बॅटरी चार्ज होत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दहा-पंधरा पौंडांचा मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू करा आणि दोन्ही बॅटऱ्या मोजा. इंजिनाच्या बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट आणि घराच्या बॅटरीवर साडेबारालाच अडकलेलं असेल तर अल्टरनेटर ठीक आहे, मधला रिले किंवा फ्यूज गेला, म्हणजे काम घरवाल्याचं. दोन्ही वर जात नसतील तर अल्टरनेटर, म्हणजे व्हॅनचं गॅरेज. नव्या गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच व्होल्ट खालीवर करतो, तिथे ही चाचणी एवढी सरळ चालत नाही. तिथे विजेच्या कामाला वाहिलेला माणूसच गाठावा.

तिसरी गोष्ट तर दोघांच्याही यादीत नसते. बऱ्याच मोटरहोमना मागे अल्को कंपनीची शासी असते, आणि त्यातल्या काहींच्या मागच्या एक्सलला ग्रीस भरायची निपल असतात. व्हॅनवाल्याला वाटतं ते घरवाल्याचं, घरवाला गाडीखाली वाकत नाही. वर्षानुवर्षं तिथे कुणी ग्रीसची पिचकारी लावलेली नसते. तुमच्या गाडीला ही शासी असेल तर गॅरेजला देताना चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

चिठ्ठीवरून बिलाकडे येते. डीलर असो, गॅरेज असो, फिरता इंजिनियर असो, मी आता एकच मागते. टिक नको, आकडा हवा. ओलाव्याचा नकाशा आकड्यांसकट. गॅसचा दाब किती मिलिबार मिळाला, किती मिनिटं टिकला. विजेचा सुरक्षा-स्विच किती मिलिसेकंदांत पडला. ब्रेकच्या पॅडवर किती मिलिमीटर उरले. गॅसच्या रबरी नळीवर छापलेलं साल कुठलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केव्हा कालबाह्य होतो. टिक मारायला खुर्चीतून उठावं लागत नाही; आकडा लिहायला गॅसचा कप्पा उघडावाच लागतो. वेळ ठरवतानाच म्हणायचं, 'तुमचा नमुना अहवाल पाठवाल का?' जो पाठवतो त्याच्याकडे जायचं. डीलरच्या तासाचा दर आमच्या भागात शंभर पौंडांच्या वर आहे, गॅरेजचा त्याहून बराच कमी. पण आकडे देणारा महागडा माणूस टिक मारणाऱ्या स्वस्त माणसापेक्षा परवडतो.

गॅसबद्दल आणखी एक. गाडी भाड्याने देत असाल, आणि सुट्ट्यांच्या काळात आपल्यातले बरेच जण देतात, तर गॅसचं काम 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्याच माणसाकडून करून घ्या आणि त्याच्या ओळखपत्रामागे एलपीजी आणि अशा गाड्यांचा उल्लेख आहे का तेही पाहा. नोंदणी घरगुती बॉयलरपुरतीही असू शकते.

आणि बिघडलंच तर? २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने करणं ही सेवा देणाऱ्याची जबाबदारी आहे, मग तो डीलर असो की दारात येणारा एकटा माणूस. शंभर पौंडांच्या वरचं बिल क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ खाली बँकही जबाबदार राहते. फिरते इंजिनियर रोख मागतात, सवलतही देतात. मी घेत नाही. गॅसच्या त्या चार पानी यादीच्या वेळी पैसे कार्डाने भरले होते, किल्लीचा फोटो आणि यादी एकत्र पाठवली, आठवड्याने सर्व्हिसचे सगळे पैसे परत आले. पत्रात 'गैरसमज' असा शब्द होता.

सर्व्हिसची वेळ फेब्रुवारीची घ्यावी असं मी सांगते. हिवाळ्याचा पाऊस भिंतीत शिरायचा तेवढा शिरलेला असतो, त्यामुळे ओलाव्याचा आकडा खरा येतो. आणि ईस्टरच्या आधी सगळा देश जागा होऊन फोन करायला लागतो त्यापूर्वी माणूस मोकळा मिळतो. नळांतलं पाणी गोठून काही फुटलं असेल तर तेही तेव्हाच कळतं. आमची यंदाची तारीख ११ फेब्रुवारी आहे. गॅसच्या कप्प्याची किल्ली आत्ताच दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवली आहे. इंजिनियरला मी ती आपणहून देणार नाही. मागतो का ते बघायचं आहे.